मदत हवी आहे: अध्यक्षपदाला तिघे उभे, निवड कशी करायची?

नमस्कार मंडळी. कोथरूड, हडपसर, भोसरी, धायरी अशा आमच्या युवक संघटनेच्या चार शाखा. प्रत्येकीचे सहा प्रतिनिधी मिळून रविवारी पदाधिकारी निवडणार. मागच्या वेळी हात वर करून मतदान झालं. एका मुलीने आधी शाखाप्रमुखाकडे बघितलं, मग कसाबसा हात वर केला. ते अजून मनातून जात नाही. यंदा चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदानच घेणार.

पण संघटनेच्या घटनेत (नियमावलीत) फक्त ‘बहुमताने’ एवढंच लिहिलंय. सर्वांत जास्त मतं पुरेत, की २४ पैकी १३ हवीतच? तसं असेल तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान घ्यायचं का? आणि १२-१२ झाली तर? पुढे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची माहिती) द्यायचाय, त्यामुळे इतिवृत्त पक्कं हवं. कुणी अशी निवडणूक घेतली असेल तर प्लीज सांगा.