चर्चा : आमदारांच्या कार्य अहवालात विधेयकांवरची भूमिका असायलाच हवी

बांधावरून (धागाकर्ता)
आमच्या आमदारांचा कार्य अहवाल घरोघर वाटला गेला. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, स्मशानभूमीची शेड, आणि प्रत्येक कामापुढे लाखांचा आकडा. अधिवेशनाच्या वाट्याला अर्धं पान आलंय. त्यात विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक धरलेला फोटो आणि 'जनतेचे प्रश्न आक्रमकपणे मांडले' ही एक ओळ. कुठले प्रश्न मांडले, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, याचा पत्ता नाही.

2025 च्या पावसाळी अधिवेशनात विशेष जनसुरक्षा विधेयक आलं, कडव्या डाव्या विचारांच्या संघटनांच्या बेकायदा कृत्यांना आळा घालण्यासाठीचं. ते तपासणाऱ्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे 12 हजारांहून अधिक सूचना-हरकती गेल्या होत्या. 10 जुलैला विधानसभेने ते आवाजी मतदानाने मंजूर केलं. त्याच अधिवेशनात 57 हजार कोटींच्या वर पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या गेल्या. या दोन्हींवर आमच्या आमदारांचं म्हणणं काय होतं? आवाजी मतदानात कोणी 'होय' म्हटलं याची नावानिशी नोंद होत नाही. त्यांनी स्वतः सांगितलं तरच मला कळणार.

माझी मागणी एवढीच आहे : प्रत्येक अधिवेशन संपलं की महिनाभरात आमदारांनी मतदारांना लेखी कळवावं. कोणत्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि का, कोणते तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) आणि लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयावरच्या) लावल्या, पुढच्या वेळी कशाला प्राधान्य. गटारं बांधायला ग्रामपंचायत आहे. कायदा करायचा अधिकार मात्र विधानसभेतल्या 288 आणि परिषदेतल्या 78 जणांनाच आहे.

जुना कार्यकर्ता
साफ असहमत. मी बरीच वर्षं एका आमदारांच्या कार्यालयात बसलोय. सकाळी दार उघडायच्या आत माणसं उभी असतात. कुणाचा डीपी जळालाय आणि पिकाला पाणी नाही, कुणाचा बाप मोठ्या दवाखान्यात आहे आणि मुख्यमंत्री सहायता निधीचं पत्र हवंय, कुणाच्या वस्तीवर टँकर आलेला नाही. विधेयक क्रमांक अमुकवर साहेबांची भूमिका काय, असं विचारायला आलेला माणूस मला आठवत नाही. स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी, त्यातलं कोणत्या गावाला काय दिलं याचा हिशेब लोक मागतात आणि तो अहवालात असतो. लोकांना हवं ते छापलं, यात चूक काय?

आणि व्हिपचं, म्हणजे पक्षादेशाचं काय? 1985 पासून राज्यघटनेत दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी आहे. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं की आमदारकी धोक्यात येते. भूमिका पक्षाची असते. तीच प्रत्येक आमदाराने पुन्हा छापून काय साधणार?

कोर्टाच्या पायरीवरची
@जुना कार्यकर्ता, व्हिप मतदानाला असतो. प्रश्न विचारायला, दुरुस्ती सुचवायला, समितीत बोलायला एरवी कोण अडवतं? जनसुरक्षा विधेयकाला सभागृहात डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी उघड विरोध नोंदवला. त्यांचं म्हणणं पटो न पटो, डहाणूच्या मतदाराला आपला माणूस कुठे उभा होता हे ठाऊक आहे.

माझा मुद्दा जरा वेगळा आहे. महिलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक 2021 च्या डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. तेव्हा गावोगाव अभिनंदनाचे फलक लागले. पुढे राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि तो कायदा लागूच झाला नाही. माझ्याकडे अजूनही बायका येतात आणि म्हणतात, "ताई, शक्ती कायदा लावा." त्यांना काय सांगू? ज्यांनी फलक लावले त्यातल्या एकानेही परत येऊन सांगितलं नाही की पुढे काय झालं. मंजुरीची बातमी द्यायची आणि अडकल्याची द्यायची नाही, याचा मला मनापासून राग येतो.

जुना कार्यकर्ता
ताई, निकोले त्यांच्या पक्षाचे सभागृहात एकटेच आहेत आणि त्यांनी पक्षाचीच भूमिका मांडली. मोठ्या पक्षातल्या पहिल्या टर्मच्या आमदाराची गोष्ट वेगळी. तो पक्षाच्या बैठकीत बोलतो, तिथे बदल करून घेतो. ते छापलं तर पुढच्या वेळी त्याला बैठकीत बोलावणार नाहीत. काही कामं न बोलताच होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शक्तीचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे, ते सांगायला हवं होतं.

तीन गुंठेवाला
लोकांना विधेयकांचं काही पडलेलं नसतं म्हणता, तर माझं ऐका. शहराला लागून तीन गुंठे घेतले, पैसे दिले, घर बांधलं. खरेदीखत होईना, कारण तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकायला बंदी घालणारा कायदा. सातबाऱ्यावर नाव अजून मूळ मालकाचंच. बँक कर्जाला उभं करत नाही. जुलै 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की शहरी भागात अगदी एक गुंठ्यापर्यंतच्या लहान तुकड्यांनाही या कायद्यातून मोकळं करणार. मला हे कळलं कुठून? एजंटाकडून. तो म्हणाला, पैसे दे, आधी तुझं करून देतो. माझ्यासारखी घरं आमच्या भागात गल्लीगल्लीत आहेत. आमदारांनी एक पान छापलं असतं, की घोषणा झालीय, नियम यायचेत, तोवर कुणाला पैसे देऊ नका, तर किती जण वाचले असते. सभामंडपाचा फोटो बघून माझं खरेदीखत होणार आहे का?

नागपूरकर
थोडं मध्ये बोलतो. विधिमंडळाचं कामकाज संकेतस्थळावर येतं, थेट प्रक्षेपणही असतं. ज्याला बघायचं त्याने बघावं. आमदाराने स्वतः लिहिलेला अहवाल म्हणजे स्वतःचीच स्तुती होणार.

बांधावरून (धागाकर्ता)
@नागपूरकर, स्तुती करू देत की. लेखी असलं म्हणजे कामकाजाशी ताडून बघता येतं. आज ताडायला समोर काहीच नाही. माझ्या आईने दिवसभराचं कामकाज चाळून आपल्या आमदाराचा प्रश्न शोधावा, ही अपेक्षा चुकीची आहे.

@तीन गुंठेवाला, तुमचं उदाहरण मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर घेतो, नाव न लिहिता. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी ते आमदारांना द्यायचं आहे. शक्तीसारख्या अडकलेल्या विधेयकांची स्थिती कळवा, हाही मुद्दा टाकतो.

जुना कार्यकर्ता
त्यावर माझी सही धरू नका. व्हिप असताना आमदाराकडून विधेयकवार भूमिका लेखी मागणं मला आजही चुकीचं वाटतं. पण तुकडेबंदीवर आणि अडकलेल्या विधेयकांवर वेगळं पत्र करणार असाल, तर ते मी स्वतः नेऊन देईन.