वेंगुर्ल्यातला जुना निऑन बोर्ड परत लागलाय म्हणे, कधी बघायला जाऊ?

चाकरमानी_दादरचा
मंडळी, गणपतीत गावी येतोय. वेंगुर्ल्याच्या बाजारात एका जुन्या लॉजवर लाल-निळा निऑनचा बोर्ड होता, लहानपणी रात्रीच्या एसटीने आलो की आधी तोच दिसायचा, मग कित्येक वर्षं नुसता गंजका सांगाडा लटकत होता. मामेभाऊ म्हणतो मालकाच्या मुलाने दुरुस्त करून परत लावलाय. तर कधी जायचं, मोबाईलवर फोटो नीट येईल का, आणि मुख्य म्हणजे तो खरा काचेचा आहे की हल्ली कॅफेत लावतात तसली एलईडीची पट्टी वाकवून बसवलीय? पट्टी असेल तर मी आपला घरी बसून मोदक खाईन.

बंदरावरचो
काचेचोच आसा रे. पण गणपतीत भरवसो नाय, पावसात बंदच ठेवतत, खारो वारो नि वरसून पाणी, जोखीम कोण घेतलो. उघाड असली तर दिवेलागणीक लावतत नि दुकानां बंद झाली की मालवतत. मे म्हयन्यात इलस तर बरा.

ट्रान्सफॉर्मरवाला
ओळखायला सोपंय, दिवसा बंद असताना जाऊन बघा. लाल अक्षरांची नळी साधी पारदर्शक काच असते, मागची भिंत आरपार दिसते, कारण लाल-नारिंगी रंग निऑन वायूचा स्वतःचाच. निळा मात्र निऑन नव्हेच, त्यात आर्गॉन आणि थेंबभर पारा. हिरवा-पांढरा हवा तर काचेला आतून पावडरचा लेप देतात, त्या नळ्या बंद असताना दुधाळ दिसतात. आणि दोन अक्षरांच्या मधे नळी बहुतेक वेळा तुटत नाही, तशीच पुढे जाते, फक्त तेवढ्या भागाला काळा रंग फासलेला असतो. ही काळी पट्टी दिसली की समजा माल अस्सल.

यात फिलामेंट नसते त्यामुळे चांगली बनवलेली नळी कित्येक दशकं चालते. आपल्या किनाऱ्यावर मरतं ते बाकीचं सगळं, पत्र्याची पेटी, वायरी, टोकांची जोडणी. मीठ बसतं, त्यावर दमट हवा, आणि हजारो व्होल्टचा करंट त्या ओल्या थरावरून वाट काढतो, मग चरचर, लुकलुक आणि एक दिवस गप्प. म्हणून हात लावू नका, पोरांना तर जवळ सोडूच नका. नळीला तडा गेला की हवा आत शिरते, ती ओढून काढून पुन्हा वायू भरावा लागतो, आणि काच आचेवर धरून फुंकत वाकवणारे कारागीर आता शोधत फिरावं लागतं. एवढा खटाटोप ज्याने केला त्याला शेजाऱ्यांनी वेड्यात काढलं असणार, पण मी त्याला मानलं.

कुडाळचा_कॅमेरा
फोटोसाठी मिट्ट काळोखाची वाट बघू नका, सूर्य बुडाल्यावर थोडा वेळ आभाळ गडद निळं असतं तेव्हाच उरकून घ्या. अक्षरांवर बोट टेकवून ब्राइटनेस खाली ओढा, नाहीतर लाल नळी मधोमध पांढरीफट्ट येते. आडवे पट्टे आले तर प्रो मोडमधे शटर १/५० किंवा १/१००, आपली वीज ५० हर्ट्झची, नळी सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. नुकती सर येऊन गेली असेल तर सोन्याहून पिवळं, ओल्या रस्त्यावर पण बोर्ड मिळतो.

किल्लेवेडा
अवांतर, पण जिल्ह्यात आहात तर वाकडी वाट करून विजयदुर्गलाही जा. तिथले साहेबाचे ओटे १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाशी आणि हेलियमच्या शोधाशी जोडतात, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी तिथूनच तो लावला म्हणतात. तोच हेलियम १८९५ मधे पृथ्वीवर सापडला तो विल्यम रॅम्झीला, आणि १८९८ मधे त्याने ट्रॅव्हर्सबरोबर निऑन शोधला. एकाच कुळातले वायू.

ट्रान्सफॉर्मरवाला
@किल्लेवेडा पण लॉकियर त्या ग्रहणाला इथे नव्हतेच, त्यांनी सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ ऑक्टोबरमधे इंग्लंडातून पाहिली. आणि ते ग्रहण पाहणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. निऑनच्या दिव्याचं म्हणाल तर तो जॉर्ज क्लोदने १९१० मधे पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात लोकांना दाखवला.

किल्लेवेडा
असूदे हो, ओटे बघायला कोणाची हरकत? शिवाय किल्ला आहेच.

चाकरमानी_दादरचा
ठरलं, काळी पट्टी आधी दिवसा बघून घेतो. @बंदरावरचो मालकाला सांगून ठेवशील काय, विसर्जनानंतर उघडीप मिळाली तर एक संध्याकाळ लाव म्हणून?

बंदरावरचो
सांगतंय. पण चायपाणी तुझ्याकडसून.