मोटर बदलण्याआधी झाकण उघडा

टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल पात्याची करवत) सुरू होत नाही, मशीनच टुकार, अशी तक्रार एका पोस्टमध्ये आहे. "मोटर नुसती गुणगुणते, पातं फिरत नाही, म्हणजे वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) गेलं" हे त्यातलं निदान घाईचं वाटतं. वाइंडिंग जळालं की बहुधा वासच सांगतो. मशीन टुकार आहे याबद्दल मात्र वाद नाही; असल्या टेबल सॉवर दर कापाआधी गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावावाच लागतो.

त्या पोस्टमध्ये राहून गेलेली गोष्ट म्हणजे भुसा. सिंगल फेजच्या (साध्या घरगुती विजेवर चालणाऱ्या) बऱ्याच इंडक्शन मोटरींत मागच्या झाकणाखाली सेंट्रिफ्युगल स्विच असतो; मोटरने वेग घेतला की तो स्टार्टिंग वाइंडिंग, म्हणजे सुरुवातीचा जोर देणारी गुंडाळी, बंद करतो. त्याच्या पॉइंटमध्ये (जिथे धातूचे टोक टेकून करंट जातो तिथे) बारीक भुसा (एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबून केलेल्या बोर्डाचा, तर फारच) बसला की स्टार्टिंग वाइंडिंगला करंटच मिळत नाही. आमच्या मोटरचं हेच निघालं. प्लग काढून पॉइंट साफ केले, सुरू. तरीही अडली तर कॅपॅसिटर (सुरुवातीला मोटरला मदत करणारा, वीज साठवणारा भाग) बदला, मोटरच्या मानाने तो स्वस्तच. फक्त आधी तो डिस्चार्ज करा (साठलेली वीज काढून टाका), बंद मशीनवरही झटका देतो. शिवाय मशीन सुरू करताना व्होल्टेज मोजा. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळत असेल तर सुरुवातीचा जोर 60 टक्क्यांच्या आसपास येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. लांब, बारीक वायरचं एक्स्टेन्शन असेल तर बघायलाच नको. आणि हाताने पातं ढकलून सुरू करा म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार!