ऑनलाइन अल्जेब्रा: व्हिडिओ कळतात, गणितं सुटत नाहीत

वाळपयकर: बारावी होऊन सहा वर्षं झाली, आता खान अकॅडमीवर अल्जेब्रा 2 करतोय, पणजीला जाताना बसमध्ये व्हिडिओ बघतो तेव्हा सगळं कळतं पण रात्री वही उघडली की लॉगरिदमला अडतोच. काय करू?

फोंड्याची ताई: नुसतं बघून नाही जमायचं रे. व्हिडिओ थांबव, पुढची पायरी आधी स्वतः लिही. लॉग म्हणजे घात शोधणं. 8 टक्के चक्रवाढीने पैसे दुप्पट कधी? म्हणजे 1.08 चा कितवा घात 2 होतो? लॉग 2 भागिले लॉग 1.08, साधारण 9 वर्षं. कॅल्क्युलेटरवर करून बघच.

डिचोलकर: ताईंचं बरोबर. मी चुकांची वेगळी वही ठेवलेली, त्यात लॉग (अ + ब) म्हणजे लॉग अ + लॉग ब ही चूक चारदा सापडली! ती बेरीज लॉग (अ × ब) ची.

वाळपयकर: अरे, माझंपण तिथेच चुकतंय! आज वही घेऊनच बसतो.