मदत हवी आहे : सागवानी कपाटाचे मूळ कुलूप न तोडता कसे उघडावे?

वाईच्या आमच्या घरात पणजोबांच्या काळापासून एक सागवानी कपाट आहे. गेल्या पौष महिन्यापासून ते उघडत नाही. त्याचे मूळ कुलूप आणि मूळ किल्ली या दोन्हींना धक्का न लावता ते उघडता यावे, यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. कुलपाचा प्रकार कळल्याशिवाय नेमका सल्ला देता येणार नाही, म्हणून हकिगत तपशिलाने लिहिते.

वाई हे पसरणी घाटाच्या पायथ्याचे गाव. महाबळेश्वर ही मुंबई सरकारची उन्हाळ्यातली राजधानी होती, आणि तिथल्या बंगल्यांतले साहेब विलायतेला परत निघाले की त्यांचे सामान लिलावात निघत असे. अशाच एका लिलावात पणजोबांनी हे कपाट घेतले, असे घरात सांगत आले आहेत. वर दोन दारे आणि खाली तीन खण अशी त्याची रचना आहे. डावे दार आतून वर-खाली पितळी खिट्ट्यांनी बंद होते आणि उजव्या दारात बसवलेल्या कुलपाची जीभ डाव्या दारात शिरते. त्यामुळे कुलूप उघडल्याशिवाय एकही दार हलत नाही. बिजागऱ्यांच्या खिळी आतल्या बाजूला असल्याने तिकडूनही वाट नाही. लाकडाला लाखेचे जुने पॉलिश आहे. ते काही ठिकाणी काळवंडले असले तरी सोलून नवे करण्याचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात नाही.

किल्ली चार बोटे लांब आहे. तिचा दांडा भरीव असून पात्यावर पायऱ्यांसारखे सात टप्पे कापलेले आहेत. मुठीवर ‘चब’ हे कुलपे करणाऱ्या कंपनीचे नाव, ‘५७ सेंट पॉल्स चर्चयार्ड, लंडन’ हा पत्ता आणि एक क्रमांक कोरलेला आहे. ही कंपनी १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर गेली, तेव्हा कुलूप त्याआधीचे असले पाहिजे. कुलूप आणि किल्ली जोडीनेच टिकले, एकावर दुसरे बदलले गेले नाही, म्हणून या कपाटाचा इतिहास आम्हाला वाचता येतो. कुलूप कापले तर हा एकमेव लेखी पुरावा आम्ही आमच्याच हातांनी नष्ट करू.

आता बिघाडाविषयी. आमचे आजोबा दर दसऱ्याला घरातल्या सगळ्या कुलपांत खोबरेल तेलाचा एकेक थेंब सोडत, आणि काकांनी ती पद्धत तशीच चालू ठेवली. किल्लीच्या भोकाभोवतीच्या पितळी चकतीवर आज मेणासारखा हिरवा थर साचलेला दिसतो. पितळातले तांबे आणि तेलातली आम्ले यांच्या संयोगाने असा थर होतो. शिवाय खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, आणि वाईच्या थंडीत सकाळचे तापमान त्याहून पुष्कळ खाली असते. गेल्या पौषात चुलतभावाने कपाट उघडायला घेतले, तेव्हा किल्ली थोडी फिरून अडकली. त्याने बाजारातून एका किल्लीवाल्याला बोलावले. त्याने आधी आपल्या जुडग्यातल्या किल्ल्या घालून पाहिल्या, मग वाकवलेली तार आत फिरवली आणि शेवटी आमची किल्ली पकडीत धरून पिळली. त्यानंतर किल्ली पूर्वीइतकीही फिरेना. ड्रिलने कुलूप कापून तासाभरात नवे बसवून देतो, असे तो म्हणाला, तेव्हा काकांनी त्याला थांबवले. दांडा आणि पाते यांच्या सांध्यावर आता केसाएवढी चीर दिसते आहे, आणि माझी सर्वांत मोठी काळजी तीच आहे.

माझा तर्क असा आहे की हे कुलूप ‘डिटेक्टर’ जातीचे आहे. जेरेमाया चब यांनी १८१८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आदल्या वर्षी पोर्ट्समथच्या गोदीत बनावट किल्ल्या वापरून चोरी झाली होती, आणि आपल्याच किल्लीने उघडेल असे कुलूप करणाऱ्याला ब्रिटिश सरकारने बक्षीस जाहीर केले होते. अशा कुलपात लीव्हर, म्हणजे वर उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या, असतात आणि त्यांतले प्रत्येक लीव्हर किल्लीचा एकेक टप्पा नेमक्या उंचीवर उचलतो. सगळे त्या उंचीवर आले तरच जीभ मागे सरकते. एखादे लीव्हर प्रमाणाबाहेर उचलले गेले, तर एक चाप ते तिथेच अडकवून ठेवतो, आणि मग खरी किल्ली घातली तरी कुलूप उघडत नाही. मालकाला त्यावरून कळते की कोणीतरी छेडछाड केली आहे. सुरुवातीला हा चाप सोडवायला वेगळी किल्ली लागे. १८२४ च्या सुधारणेनंतर खरी किल्लीच उलट्या दिशेने, म्हणजे कुलूप लावताना फिरवतो तशी, फिरवली की चाप सुटतो. म्हणजे आमचे कुलूप बिघडलेले नसून तारेच्या त्या प्रयोगामुळे त्याने आपले काम चोख केले असावे, असे मला मनापासून वाटते.

हा तर्क बरोबर असला तरी चीर गेलेली किल्ली उलट दिशेने फिरवण्याचे धाडस होत नाही, कारण आतली लीव्हर त्या हिरव्या थराने चिकटलेली असतील तर सगळा जोर सांध्यावर येईल आणि पाते आतच तुटून राहील. आधी नक्कल करून घ्यावी, तर वेगळीच अडचण आहे. या जातीच्या कुलपात एखादा टप्पा कानशीने कापताना किंचित उंच राहिला, तर ती नक्कलच चाप पुन्हा अडकवील.

म्हणून विचारते. असे कुलूप कोणी स्वतः हाताळले असेल, तर चाप सुटताना हाताला काय जाणवते, आवाज येतो का, हे कृपया सांगावे. आतला थर मऊ करायला काय घालावे, हा दुसरा प्रश्न. स्पिरिट नको, कारण भोकातून एक ओघळ जरी बाहेर आला तरी लाखेचे पॉलिश विरघळेल. मिनरल टर्पेन्टाईनने लाख विरघळत नाही असे वाचले आहे, पण कोणाचा प्रत्यक्ष अनुभव असेल तर धीर येईल. तिसरी वाट पाठीमागची. मागच्या फळ्या लोखंडी स्क्रूंनी बसवलेल्या आहेत आणि स्क्रूंच्या खाचा हाताने कापलेल्या, थोड्या तिरक्या आहेत. ते गंजून लाकडात धरले गेले आहेत, आणि काढताना एखादे डोके मोडले तर फळी फाटेल. तरीही ही वाट कुलूप कापण्यापेक्षा बरी, असे माझे मत आहे.

कुलूप कापण्याचा सल्ला मात्र कृपया देऊ नये. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चबचे डिटेक्टर कुलूप काहीही न मोडता २५ मिनिटांत उघडले होते, आणि त्यासाठी त्याने त्या चापाचाच उपयोग करून घेतला होता. तेव्हा कसबी हाताला हे शक्य आहे. पुणे, सातारा किंवा मुंबईत जुन्या लीव्हर कुलपांवर संयमाने काम करणारा आणि वाईला येऊ शकेल असा कोणी कारागीर माहीत असेल, तर जरूर कळवावे. कपाटात घरातली मोडी कागदपत्रे आहेत. मृगापूर्वी ती बाहेर काढली नाहीत, तर पावसाळ्यात दारे फुगतील आणि कसर कागदांना गाठेल.

भर, बारा दिवसांनी :

सगळ्यांच्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दोघांनी सुचवल्याप्रमाणे भोकाखाली कापडाची घडी लावून ड्रॉपरने टर्पेन्टाईनचे तीन-तीन थेंब दोन दिवस सोडले. पहिल्या दिवशी कापडावर हिरवट ओघळ उतरला, दुसऱ्या दिवशी काळपट. पॉलिशला काहीही झाले नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, घर चांगले तापलेले असताना, काकांनी किल्ली दोन बोटांत धरून लावण्याच्या दिशेने हलकेच फिरवली. तांदळाच्या दाण्याएवढी ती सरकली आणि आत बारीकसा ‘टिक’ आवाज आला. नंतर उघडण्याच्या दिशेला ती एकाच दमात फिरली आणि दार उघडले. कागद कोरडे आहेत, कागद बांधलेल्या दोन रुमालांच्या कडा तेवढ्या कसरीने खाल्ल्या आहेत.

कुलूप आम्ही दारातून काढले आहे. त्याचे पाचही स्क्रू, ज्या भोकातला त्याच भोकात जावा म्हणून, पुठ्ठ्यावर त्याच मांडणीत टोचून ठेवले आहेत. झाकण उघडल्यावर आत सहा लीव्हर दिसली. त्यांतल्या वरून दुसऱ्याची स्प्रिंग ढिली पडली आहे, त्यामुळे ते आपोआप खाली बसत नाही. आता एवढेच विचारायचे आहे की ही स्प्रिंग आहे तीच वाकवून ताणावी, की तिच्याच जाडीची पोलादी पट्टी कापून नवी बसवावी आणि जुनी जपून ठेवावी? किल्लीच्या चिरेला चांदीचा डाग देऊन सांधण्याचे काम सोनाराकडे द्यावे की लोहाराकडे? यापुढे आत तेल घालणार नाही, शिसपेन्सिलीची भुकटीच वापरू. स्प्रिंगचा निर्णय होईपर्यंत लीव्हर जशी निघाली त्या क्रमाने कागदावर मांडून ठेवली आहेत.