मग १९८० चं काय करायचं?
या चर्चेत एकांनी लिहिलंय की अमेरिकेत खरा श्रद्धाळू ख्रिश्चन रिपब्लिकनलाच मत देणार, त्यात वाद कसला. मग १९८० चं काय करायचं? त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट जिमी कार्टर स्वतः बॉर्न अगेन (श्रद्धेतून नवा जन्म झाला असं मानणारा) बॅप्टिस्ट, संडे स्कूलमध्ये म्हणजे चर्चच्या रविवारच्या धर्मवर्गात शिकवणारा माणूस, आणि समोर रिपब्लिकन रेगन, हॉलिवूडचा नट, घटस्फोट झालेला, तरी जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाच्या मॉरल मेजॉरिटी या ख्रिश्चन राजकीय संघटनेने (स्थापना १९७९) जोर लावला तो रेगनसाठीच. आता गर्भपात, शाळेतली प्रार्थना हे मुद्दे त्या लोकांना मनापासून महत्त्वाचे होते, सगळं ढोंग होतं असं मी म्हणत नाहीये, पण उमेदवाराची श्रद्धा बघून मत दिलं हे तरी नका सांगू.

प्रसिद्ध धर्मप्रचारक बिली ग्रॅहमचं बघा ना, कागदोपत्री डेमोक्रॅट, पण रिपब्लिकन अध्यक्ष निक्सनशी एवढी घसट की वॉटरगेटनंतर (ज्या प्रकरणात निक्सनला राजीनामा द्यावा लागला) तोंड लपवायची पाळी आली. वर २००२ मध्ये १९७२ ची दोघांच्या बोलण्याची टेप बाहेर आली, त्यात ज्यू लोकांबद्दल वाईट बोलणाऱ्या निक्सनच्या सुरात सूर मिसळलेला, उतारवयात माफी मागावी लागली बिचाऱ्याला. (बिचारा कसला म्हणा, बोलला तर होताच.) वॉटरगेटमधून तो एवढं मात्र शिकला होता की पुढे मॉरल मेजॉरिटीपासून चार हात लांब राहिला.

आणि कृष्णवर्णीयांची चर्चेस विसरलात का? बायबल तेच, येशू तोच, रविवारची गर्दीही तशीच, आणि मतं बहुतेक डेमोक्रॅटना. त्यांना काय खोटे ख्रिश्चन म्हणणार?