दिल्लीतलं अफगाणी जेवण : तुमचे अनुभव लिहा

२०१९ च्या पावसाळ्यात वडिलांच्या ऑपरेशनसाठी रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेसने निजामुद्दीनला उतरलो. खोली लाजपतनगरात मिळाली. तिथे औषधांच्या दुकानांवरसुद्धा फारसी लिपीतल्या पाट्या! उपचारांसाठी आलेली अफगाणी कुटुंबं आणि देश सोडून आलेली माणसं, दोन्ही तिथे भेटतात. फाळणीनंतर निर्वासितांसाठीच वसवलेली ही वसाहत, हे मागाहून कळलं. आठ दिवस बाहेरचं खाऊन जीव विटला होता. एका गल्लीत तंदूरमधून हातभर लांब नान निघताना दिसले आणि भाऊ नि मी आत शिरलो. काबुली पुलाव मागवला. वर गाजराचे काप आणि मनुका, मटण भाताखाली दडलेलं. तिखट नावाला नाही, तरी शेवटचं शीत सोडवेना. नान सोबतच आला. ३०० रुपयांत दोघंही पोटभर जेवलो. तुम्हाला असं काही सापडलंय का? सविस्तर लिहा.

मालवणहून
लेक दिल्लीत शिकते, तिने मंतू खाऊ घातले. वाफवलेले, आत कांदा-खिमा, वर दही, डाळ नि सुका पुदिना. माका तर खिम्याचे मोदकच वाटले! पारी मैद्याची, पण आपल्यासारखीच पातळ. घरी केले तेव्हा दह्यात लसूण घालायची राहिली आणि ती चव काही आली नाही. विसरू नका.

गुहागरहून
शाकाहारी असाल तर पुलावातलं मटण काढून द्या असं सांगू नका, भातच मटणाच्या पाण्यात शिजतो. बटाट्याचं किंवा पातीचं सारण भरलेली रोटी, म्हणजे बोलानी घ्या. आणि बोरानी बंजान घ्याच: तळलेलं वांगं, टोमॅटो, वर लसणीचं दही. आमच्याकडे वांग्याच्या कापांवर आता हेच दही पडतं.

हर्णैहून
नान लावणारा मुलगा हेरातचा, २०२१ नंतर आलेला, हिंदी बेताचीच. माझं घर समुद्राला लागून आहे म्हटल्यावर तो काम करता करता थांबला. त्याच्या देशाला किनाराच नाही, समुद्र त्याने कधी पाहिलेला नव्हता. मोबाइलवर आमच्या बंदरातल्या होड्या दाखवल्या. त्याने आतल्या दोघांना हाक मारून त्यांनाही दाखवल्या. मग विचारलं, "रात्री आवाज येतो?" येतो म्हटलं. नानचे पैसे घेईना. गल्ल्यापाशी ठेवून आलो.